विश्लेषण : सांधे दुखतात म्हणून छाती कोण तपासतो? संधिवात आणि फुप्फुसांचा दुर्लक्षित दुवा

आमच्या आत्याकडे दवाखान्याच्या कागदांच्या दोन पिशव्या होत्या. एकीत वाताचे कागद, दुसरीत छातीचे. वाताची पिशवी घेऊन ती हाडांच्या डॉक्टरांकडे जायची, छातीची घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात. दोन्ही पिशव्या एकाच वेळी कुणी उघडल्या नाहीत. बोटे वाकडी झालेली, तरी दरवर्षी वेचणीला ती पऱ्हाटीत उतरायचीच. पुढे खोकला सुरू झाला, दम लागू लागला. विचारले की म्हणायची, ‘आता वय झालं बाप्पा, दम लागनच.’ एक्स-रेमध्ये डाग दिसला, थुंकीत काही सापडले नाही, तरी सहा महिने टीबीची औषधे झाली. खोकला होता तिथेच राहिला. शेवटी नागपूरला नेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोपला हात लावण्याआधी तिची बोटे पाहिली आणि विचारले, ‘हे किती वर्षांपासून?’ छातीच्या तक्रारीसाठी आलेल्या बाईचे हात तोवर कुणी पाहिलेच नव्हते.

यवतमाळ जिल्ह्यात ‘वात आहे’ हे वाक्य इतके सरसकट वापरले जाते, की त्यामागे कोणता आजार आहे हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

सांध्यांच्या आजारात फुप्फुस कुठून आले?

साठीनंतर गुडघे दुखतात, बसले की उठवत नाही, तो बहुधा झिजेचा संधिवात. तो सांध्यापुरता राहतो. रूमॅटॉइड आर्थरायटिस, ज्याला आपल्याकडे नुसता संधिवात किंवा आमवात म्हणतात, तो वेगळा. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच आपल्या पेशींवर उलटते. तिशी-चाळिशीतली बाई सकाळी उठते तेव्हा दोन्ही हातांची बोटे ताठलेली असतात, मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही. तासाभराने हात जरा मोकळे होतात. दोन्ही बाजूंचे लहान सांधे, सकाळचा ताठरपणा आणि सूज ही याची ओळख. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये तो दोन ते तीन पट जास्त आढळतो.

प्रतिकारशक्तीचे हे भांडण रक्तातून अंगभर फिरते. डोळे, त्वचा, रक्तवाहिन्या, हृदय आणि फुप्फुसे सगळी त्याच्या वाटेत येतात. हे आजचे ज्ञान नाही. १९४८ मध्ये एलमन आणि बॉल या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी सांधे आणि फुप्फुसे दोन्ही बाधित झालेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली.

गंमत म्हणजे संशोधकांचा एक मोठा गट आता उलट दिशेने पाहतो. त्यांच्या मते अनेकांमध्ये हा आजार सुरूच मुळी फुप्फुसांत होतो. बिडी-सिगारेटच्या धुराने श्वासनलिकांच्या अस्तरातील काही प्रथिनांची रचना बदलते, शरीर त्यांना परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. रक्तातील अँटी-सीसीपी या चाचणीत हीच प्रतिपिंडे मोजतात. काही जणांच्या रक्तात ती सांधे दुखण्याच्या कितीतरी वर्षे आधीच सापडतात. स्वीडनमधील संशोधकांनी २००६ च्या सुमारास धूम्रपान, ठरावीक जनुके आणि ही प्रतिपिंडे यांचा संबंध दाखवला, तेव्हापासून या मांडणीला बळ मिळाले.

छातीत नेमके काय बिघडते?

सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे आयएलडी, पूर्ण नाव इंटरस्टिशियल लंग डिसीज. फुप्फुस स्पंजासारखे असते, असंख्य वायुकोश आणि त्यांच्या मधल्या अतिशय पातळ भिंती. याच भिंतींतून ऑक्सिजन रक्तात जातो. आयएलडीत या भिंतींना सूज येते, पुढे त्या जाड आणि कडक होतात, शेवटी जागोजागी व्रण पडतात. स्पंज वाळून कडक झाला की तो दाबला जात नाही आणि फुलतही नाही. तसेच फुप्फुसाचे होते. व्रण एकदा पडले की ते पुसणारे औषध नाही. जे काही करायचे ते त्याआधी, किंवा निदान ते वाढू नयेत म्हणून.

दुसरा प्रकार फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी होण्याचा. तिसरा, फुप्फुसात गाठी होण्याचा. कोपरावर दिसतात तशाच गाठी आत होतात आणि एक्स-रेवर कधी कर्करोगासारख्या, कधी टीबीसारख्या दिसतात. काहींच्या श्वासनलिका रुंदावतात, त्यात कफ साचतो आणि वारंवार जंतुसंसर्ग होतो.

हे किती जणांना होते? अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी मिनेसोटा राज्यातील रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात संधिवात असलेल्या व्यक्तीला आयुष्यभरात आयएलडी होण्याची शक्यता ७.७ टक्के आणि संधिवात नसलेल्या व्यक्तीला ०.९ टक्के आढळली. आयएलडीचे निदान झाल्यानंतर त्यातील निम्मे रुग्ण तीन वर्षेही जगले नाहीत. तेव्हा निदान उशिरा व्हायचे आणि औषधे कमी होती, हे खरे. पण यवतमाळात निदान आजही उशिराच होते.

आता आपल्या जिल्ह्याचा ढोबळ हिशेब मांडू. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीचे सर्वेक्षण केले. ग्रामीण भारतातील अशा कामात ते फार महत्त्वाचे मानले जाते. तिथे प्रौढांमध्ये रूमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आढळले. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. त्यात प्रौढ १८ लाख धरले तर अर्ध्या टक्क्याने नऊ हजार लोक होतात. आणि त्यांच्यातील आठ-दहा टक्के म्हणजे सातशे ते नऊशे माणसे, ज्यांच्या फुप्फुसांवर हा आजार कधी ना कधी उतरणार. हा कागदावरचा हिशेब आहे, मोजणी नव्हे. पण सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यात ही माणसे कुठल्या नोंदवहीत आहेत, असे विचारले तर बोट दाखवायला वही नाही.

मग लक्षात का येत नाही?

याचे कारण साधे आहे आणि तेच सर्वांत घातक. दम चालल्यावर लागतो. ज्याचे गुडघे आणि घोटे सुजलेले आहेत तो चालतच नाही. बाई ओसरीवर बसून असते, विहिरीवर जाणे सुनेकडे गेलेले असते, शेतात जाणे बंद झालेले असते. फुप्फुसाची ताकद निम्म्यावर आली तरी तिला दम लागण्याची वेळच येत नाही. घरच्यांना वाटते, वातामुळे हालचाल कमी झाली. आणि जी अजून शेतात जाते ती आत्यासारखे वयावर ढकलते.

दुसरे असे की, सांध्यांची सूज आणि फुप्फुसाची खराबी हातात हात घालून चालतीलच असे नाही. सांधे औषधाने शांत झालेले असताना छाती आतून कडक होत असू शकते. काही रुग्णांत तर फुप्फुस आधी बिघडते आणि सांधे मागाहून दुखतात.

साध्या एक्स-रेवर भरवसा ठेवता येत नाही. सुरुवातीच्या आयएलडीत तो अगदी स्वच्छ येऊ शकतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, काळजी नको’ हे वाक्य संधिवाताच्या रुग्णासाठी पुरेसे नाही. त्यापेक्षा स्टेथोस्कोप बरा. पाठीच्या खालच्या भागावर तो ठेवून खोल श्वास घ्यायला लावला, तर बुटाची चिकटपट्टी ओढताना येतो तसा बारीक चरचर आवाज ऐकू येतो. पाठ उघडी करून, दोन्ही बाजूंना, शांतपणे ऐकावे लागते. शंभर रुग्णांच्या ओपीडीत साडीवरून एकदा टेकवलेल्या स्टेथोस्कोपला तो ऐकू येत नाही.

टीबी की संधिवात?

या जिल्ह्यात जुना खोकला आला की पहिला विचार टीबीचा होतो आणि तो व्हायलाच हवा. टीबी आपल्याकडे आहे, पुष्कळ आहे. संधिवाताची औषधे प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे या रुग्णांना टीबीचा धोका इतरांपेक्षा जास्तच. जैविक इंजेक्शने, विशेषतः टीएनएफ रोखणारी, सुरू करण्याआधी अंगात दडलेला टीबी शोधणे म्हणूनच आवश्यक मानले जाते.

अडचण पुढची आहे. थुंकीची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली, तरी एक्स-रेवरचा डाग पाहून टीबीचे उपचार सुरू करता येतात. फुप्फुसाभोवती पाणी असेल तर ते काढून त्यातील एडीए हा घटक मोजतात. तो वाढलेला असेल तर टीबी समजण्याची पद्धत आहे. पण संधिवातामुळे झालेल्या पाण्यातही एडीए वाढलेला असू शकतो. त्या पाण्यात साखर अतिशय कमी असते, ही संधिवाताची एक खूण. पण टीबीतही ती कमी असू शकते, म्हणून एका आकड्यावर निकाल लावता येत नाही. सांध्यांविषयी विचारावेच लागते.

माझे म्हणणे एवढेच की, थुंकी निगेटिव्ह असलेल्या प्रत्येक रुग्णाला टीबीची गोळी सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारला जावा : सकाळी बोटे ताठतात का? याला पैसे लागत नाहीत. हा प्रश्न टीबीच्या अर्जावर छापायला कोणाचीही हरकत नसावी.

वणीचा कोळसा, राजूरचा चुना, घरची चूल

१९५३ मध्ये अँथनी कॅप्लान या डॉक्टरने वेल्समधील कोळसा खाण कामगारांचे एक्स-रे पाहताना एक विचित्र गोष्ट नोंदवली. ज्यांना संधिवात होता त्यांच्या फुप्फुसांत मोठ्या, गोल, ठळक गाठी होत्या. धुळीने होणाऱ्या नेहमीच्या आजारात दिसतात त्याहून त्या वेगळ्या होत्या. पुढे याला कॅप्लान सिंड्रोम हे नाव पडले. सिलिकाची धूळ श्वासात जाणाऱ्यांना संधिवाताचा धोका वाढतो, हेही नंतरच्या अभ्यासांनी दाखवले.

हे वाचताना वणी आठवावेच लागते. वेकोलिच्या खाणी, रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग, राजूरच्या चुनाभट्ट्या, गिट्टीचे क्रशर. खाण कामगारांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते, छातीचा एक्स-रे निघतो. त्या वेळी हातही पाहिले, तर वेगळा खर्च नाही. कंत्राटी मजुराची, क्रशरवरच्या आणि भट्टीवरच्या माणसाची मात्र एवढीही तपासणी कोण करतो, हा प्रश्न खाणीच्या फाटकाबाहेर तसाच उभा आहे.

कापसाच्या जिल्ह्याने आणखी एक संशोधन लक्षात ठेवावे. मलेशियातील महिलांच्या अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, वस्त्रोद्योगातील धुळीत काम केलेल्यांना संधिवात होण्याचा धोका स्पष्टपणे जास्त आढळला. शेतातली वेचणी आणि गिरणीतली धूळ एक नव्हे. पण जिनिंगमध्ये तोंडाला नुसता पदर बांधून उभ्या असलेल्या बायांची आठवण या निष्कर्षाने होतेच.

आणि बिडी. संधिवात होण्यासाठी, तो तीव्र होण्यासाठी आणि फुप्फुसांपर्यंत पोहोचण्यासाठी, तिन्ही टप्प्यांवर ती कारणीभूत आहे. संधिवात बायकांना जास्त होतो, पण संधिवात झालेल्यांमध्ये आयएलडीचा धोका पुरुषांना अधिक असतो. वाढते वय, धूम्रपान आणि रक्तातील प्रतिपिंडांचे जास्त प्रमाण यांनी तो आणखी वाढतो. चुलीच्या धुराने फुप्फुस आधीच थकलेले असते. गॅसची टाकी घरात आहे, पण पुन्हा भरायला पैसे नाहीत म्हणून पऱ्हाट्या जाळून स्वयंपाक होतो, हे चित्र खेड्यात अजून आहे.

मेथोट्रेक्सेट बंद करायचे का?

हा प्रश्न दवाखान्यात नाही, मोबाइलवर विचारला जातो. कुणीतरी व्हिडिओ पाठवतो : या गोळीने फुप्फुसे खराब होतात. रुग्ण घाबरून गोळी सोडतो. पंधरा दिवसांनी सांधे सुजतात. मग गावातली ‘वाताची पुडी’ सुरू होते.

सत्य असे आहे. मेथोट्रेक्सेटमुळे फुप्फुसाला अचानक सूज येऊ शकते, पण ते क्वचित घडते आणि बहुधा औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या वर्षात. नवा कोरडा खोकला, ताप आणि झपाट्याने वाढणारा दम असेल तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठावा. पण हे औषध हळूहळू फुप्फुस कडक करते, हा जुना समज अलीकडच्या अभ्यासांत टिकलेला नाही. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत, फुप्फुसाचा सौम्य आणि स्थिर आजार असलेल्यांनाही सांध्यांसाठी मेथोट्रेक्सेट देता येईल, असे सुचवले आहे. निर्णय डॉक्टरांचा, पण स्वतःहून बंद करणे चुकीचे.

या गोळीचा खरा धोका भलतीकडेच आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जीव जातो. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेले ‘आठवड्यातून एकदा’ घरात कुणाला वाचता येत नसेल, तर वार ठरवून तो मराठीत लिहून घ्या, उदाहरणार्थ दर रविवारी. औषध दुकानदाराकडूनही खात्री करून घ्या.

आणि पुडीबद्दल. जी बिननावाची पुडी दोन दिवसांत उभे करते, तिच्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता दाट असते. बरे वाटते, म्हणून वर्षानुवर्षे चालते. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो, टीबी डोके वर काढतो आणि फुप्फुसाचा आजार झाकला जातो. स्टेरॉइड वाईट औषध नाही, डॉक्टरही ते देतात. पण मोजून, आणि कमी करत नेण्यासाठी. आणि बरेच दिवस घेतलेली पुडी एकदम फेकूनही देऊ नये. तेही धोक्याचे असते. पुडी घेऊनच डॉक्टरकडे जावे आणि लाज न बाळगता दाखवावी.

तपासणी आणि उपचार कुठे अडतात?

अमेरिकेतील संधिवात आणि छातीरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ मध्ये तयार केलेल्या सूचना सांगतात की, जास्त धोका असलेल्या रुग्णांची लक्षणांची वाट न पाहता तपासणी करावी. छातीचा एचआरसीटी स्कॅन करावा आणि फुप्फुसांची क्षमता मोजणारी पीएफटी करावी. नुसत्या एक्स-रेवर विसंबू नये. आजार सापडला तर मायकोफेनोलेट, रिटुक्सिमॅब अशी औषधे आहेत. व्रण वाढतच असतील तर निंटेडॅनिब आहे. २०१९ च्या एका मोठ्या चाचणीत या औषधाने फुप्फुसाची घसरण मंदावल्याचे दिसले. आता त्याच्या भारतीय कंपन्यांच्या गोळ्याही मिळतात, तरी महिन्याचा खर्च शेतमजुराच्या आवाक्यातला नाही.

इथे सरकारी धोरणाची फट दिसते. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मधुमेह आहे, रक्तदाब आहे, कर्करोग आहे, दमाही आहे. संधिवात नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. संधिवाताचा रुग्ण दाखल होत नाही. तो वर्षानुवर्षे ओपीडीत येतो, गोळ्या घेतो, रक्त तपासतो आणि प्रत्येक फेरीचे एसटीचे भाडे भरतो. तो दाखल होतो तेव्हा ऑक्सिजन लावायची वेळ आलेली असते आणि मग योजना लागू होते. मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही दोन्ही औषधे राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर ती दर महिन्याला मिळाली, तर निम्म्या पुड्या आपोआप बंद होतील.

यवतमाळात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस औषधवैद्यक, अस्थिरोग आणि छातीरोग या तीन विभागांनी एकाच टेबलावर बसावे, त्या दिवशी संधिवाताच्या रुग्णांनाच बोलवावे, अशी मागणी करायला नवी इमारत किंवा नवे पद लागत नाही. पुसद, उमरखेड, झरी जामणीकडच्या माणसाला तीन वेगवेगळ्या वारी यवतमाळला बोलावणे म्हणजे त्याला ‘येऊ नको’ सांगणे. पुढच्या तपासणीसाठी वर्धा-नागपूर आहेच, पण कोणाला पाठवायचे हे इथे ठरले पाहिजे.

करोनात आशाताईंच्या हाती ऑक्सिमीटर आले होते. बहुतेक ठिकाणी ते आता कपाटात आहेत. संधिवाताच्या रुग्णाच्या बोटाला ते बसल्यावर एकदा आणि अंगणात पाच-सहा मिनिटे चालवून पुन्हा एकदा लावावे. बसल्यावर ९७ आणि चालल्यावर ९० दिसले, तर तिला थांबवू नका, पुढे पाठवा. उलट आकडा चांगला आला म्हणजे फुप्फुस चांगले, असा अर्थ मात्र काढू नये. सुरुवातीच्या आजारात तो चांगलाच येतो. बोटे वाकडी किंवा थंड असतील तर यंत्र चुकीचा आकडाही दाखवते, म्हणून जे बोट त्यातल्या त्यात सरळ आणि ऊबदार आहे त्यालाच लावायचे.

आत्याचे पुढे काय झाले, हे लिहायचे राहिले. निदानानंतर औषधे सुरू झाली, न्यूमोनियाची आणि फ्लूची लस झाली, चूल कोपऱ्यात गेली. जे फुप्फुस गेले ते परत आले नाही, पण दोन वर्षांनंतरच्या स्कॅनमध्ये व्रण फारसे पुढे सरकलेले नव्हते. ती आता शेतात जात नाही. दोन्ही पिशव्यांतले कागद आम्ही तारखेप्रमाणे एका फायलीत लावले, वर मोठ्या अक्षरांत ‘संधिवात + छाती’ लिहिले. डॉक्टर बदलला की ती आधी फाइल पुढे करते, मग हात.